नवख्याचा करार आणि गावाचा संघ

अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, नवा खेळाडू आपला संघ निवडत नाही आणि आपली किंमतही ठरवत नाही. दरवर्षी एप्रिलमध्ये ३२ संघांची रांग लागते. मागच्या हंगामात जो सर्वांत खाली राहिला तो पहिला, विजेता शेवटचा. या क्रमाने सात फेऱ्यांत कॉलेजातून आलेले अडीचशेच्या आसपास खेळाडू उचलले जातात. या पद्धतीला ड्राफ्ट म्हणतात. ज्या संघाने नाव घेतले, त्याच्याशीच खेळाडूला बोलणी करता येतात. करार चार वर्षांचा असतो आणि रक्कम खेळाडू कितव्या क्रमांकावर उचलला गेला यावरून जवळजवळ ठरलेली असते. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचव्या वर्षासाठी थांबवून ठेवायचे की नाही, हेही संघच ठरवतो. तीन हंगाम पुरे होईपर्यंत रकमेवर पुन्हा बोलता येत नाही, मग पोराने मैदान कितीही गाजवलेले असो.

हा नियम फार जुना नाही. ड्राफ्ट १९३६ पासून आहे, पण नवख्यांच्या रकमेवर आजच्यासारखा घट्ट लगाम २०११ साली बसला. त्याआधी वरच्या क्रमांकाचे खेळाडू दलालामार्फत घासाघीस करून प्रचंड रकमा मिळवत. ओकलंड संघाने २००७ मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या जामार्कस रसेलला ३ कोटींहून अधिक डॉलरची हमी मिळाली होती. तीन हंगामांत तो लीगबाहेर गेला. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांचा आणि ७ कोटी ८० लाख डॉलरचा होता, त्यातले ५ कोटी हमीचे. दुसऱ्याच वर्षी नियम बदलला आणि पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी २ कोटी २० लाख डॉलर मिळाले. न्यूटन ब्रॅडफर्डपेक्षा कमी प्रतीचा होता असे कोणीच म्हणणार नाही. तो फक्त एक वर्ष उशिरा आला.

वाचलेला पैसा कुठे गेला, यावर या नियमाचा न्याय ठरतो. त्यातला काही मुरलेल्या खेळाडूंकडे गेला. १९९३ पूर्वी निवृत्त झालेल्यांच्या निवृत्तिवेतनासाठी ६२ कोटी डॉलरचा निधी उभा राहिला. सरावातली जीवघेणी धडकाधडकी कमी झाली. हे सगळे खेळाडूंच्या संघटनेने मालकांसमोर बसून मिळवले. त्या वर्षी मालकांनी कुलूप लावून खेळाडूंना बाहेर ठेवले होते, ते साडेचार महिन्यांनी निघाले ते या सामूहिक करारावर सही झाल्यावरच.

ही सही नुसती औपचारिक नसते. वॉशिंग्टन संघाचा जेम्स स्मिथ १९६८ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत निवडला गेला होता. पहिल्याच हंगामाच्या शेवटच्या सामन्यात त्याच्या मानेला जबर दुखापत झाली आणि कारकीर्द तिथेच संपली. त्याने न्यायालयात विचारले की एकाच संघाशी बोलण्याची सक्ती नसती, तर आपण चांगला, सुरक्षित करार मिळवला नसता का? १९७६ मध्ये न्यायालयाने त्याचे म्हणणे मान्य केले आणि त्या वेळच्या स्वरूपातला ड्राफ्ट मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही असा निकाल दिला. ड्राफ्ट पुढे टिकला, कारण खेळाडूंच्या संघटनेने सामूहिक करारात त्याला संमती दिली. धंद्यातल्या ३२ मालकांनी एकत्र येऊन नव्या कामगाराचा पगार ठरवणे हे एरवी बेकायदा कटात मोडते. तिथे ते चालते, कारण कामगारांच्या संघटनेने बदल्यात काहीतरी घेऊन मान्यता दिलेली असते.

तरी या व्यवस्थेत एक खोट आहे. ज्याचा पगार ठरतो, तो त्या खोलीत नसतो. संघटनेचे मतदार आजचे खेळाडू आणि लगाम बसतो तो उद्याच्यांवर, जे तेव्हा अजून शाळा-कॉलेजात असतात. संघटनेच्याच हिशेबाने या खेळातली सरासरी कारकीर्द सव्वातीन वर्षांच्या आसपास आहे. लीगचा हिशेब वेगळा आणि जास्त वर्षांचा आहे. संघटनेचा आकडा धरला तर नवख्याचा चार वर्षांचा करार सरासरी कारकिर्दीपेक्षा लांब ठरतो. म्हणजे बहुसंख्य खेळाडूंना खुल्या बाजारात आपली किंमत कधीच कळत नाही. चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकचे शरीर पहिल्या चार-पाच वर्षांतच सर्वाधिक झिजते. करार संपतो तेव्हा त्याच्याकडे विकायला थोडेच उरलेले असते.

ब्रॉक पर्डीचे उदाहरण या नियमाच्या दोन्ही बाजू दाखवते. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये तो अगदी शेवटचा, २६२ वा. सॅन फ्रान्सिस्को संघाशी त्याचा करार चार वर्षांचा आणि जेमतेम ३७ लाख डॉलरचा होता. त्याच हंगामात डाव चालवणारे दोन वरिष्ठ क्वार्टरबॅक जखमी झाले, पर्डीला संधी मिळाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो संघाला घेऊन सुपर बोल या अंतिम सामन्यात उतरला. त्या हंगामाचा त्याचा मूळ पगार ८ लाख ७० हजार डॉलर होता. त्याच जागेवर खेळणारे नावाजलेले खेळाडू वर्षाला ४-५ कोटी घेत होते. मे २०२५ मध्ये त्याला पाच वर्षांचा, २६ कोटी ५० लाखांपर्यंतचा करार मिळाला. मधल्या काळात मान किंवा गुडघा कायमचा गेला असता, तर हे पैसे त्याला कधीच दिसले नसते. आणि त्याचा पगार कमी होता, म्हणूनच संघाला बाकीच्या जागांवर महागडे खेळाडू ठेवता आले. प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा असते. २०२५ साठी ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. त्या मर्यादेत एखादा तारा स्वस्तात मिळाला की संघाचे सगळे गणित सुटते.

अमेरिकन चाहता हे गणित तोंडपाठ करून बसलेला असतो. कोणाचा करार कधी संपतो, कोणाला सोडले तर मर्यादेत किती जागा होते, यावर तिथे घराघरांत वाद झडतात. त्यातून चाहत्याच्या मनात एक विचित्र बदल होतो आणि तो नकळत मालकाच्या बाजूने विचार करू लागतो. स्वस्तातला नवखा त्याला लाडका वाटतो आणि चार वर्षे राबल्यावर तोच पोरगा रास्त किंमत मागू लागला की लोभी वाटतो. ज्याच्या खेळासाठी जीव टाकायचा, त्याच्याच कमाईवर डोळा ठेवायचा, ही चाहतेपणाची चांगली बाजू नव्हे.

पण याच चाहत्याच्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद आहे आणि तो समजायला विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे या गावाकडे पाहावे लागते. २०२० च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या १ लाख ७ हजार होती. परभणी शहराची २०११ मध्येच ३ लाख ७ हजार होती. म्हणजे परभणीच्या एक तृतीयांश वस्तीचे हे गाव जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रीडा लीगमध्ये स्वतःचा संघ राखून आहे. ग्रीन बे पॅकर्स १९१९ मध्ये स्थापन झाला आणि १९२३ पासून तो गावकऱ्यांच्या, चाहत्यांच्या मालकीचा आहे. आज त्याचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. त्या समभागावर लाभांश मिळत नाही, तो नफ्याने विकता येत नाही. तरी २०२१ मध्ये ३०० डॉलरला एक या दराने नवे समभाग काढले, तेव्हा लोकांनी ते घेतले. स्टेडियममध्ये ८१ हजार माणसे बसतात, म्हणजे गावाच्या तीन चतुर्थांश. हंगामी तिकिटाच्या प्रतीक्षायादीत लाखावर नावे आहेत आणि मूल जन्मले की त्याचे नाव यादीत घालणारे आईबाप तिथे आहेत. लीगची सर्वाधिक, म्हणजे १३ विजेतेपदे याच गावाकडे आहेत.

न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिससारख्या महानगरांपुढे हे गाव टिकते ते केवळ निष्ठेवर नव्हे. टीव्हीचा पैसा सर्व संघांत समान वाटला जातो. एकूण पगाराला मर्यादा आहे. आणि ड्राफ्टमुळे नवा गुणी खेळाडू ग्रीन बेने उचलला की तो चार-पाच वर्षे तिथेच राहतो, मोठ्या शहराला त्याला पैसे दाखवून पळवता येत नाही. जॉर्डन लव्ह २०२० मध्ये पहिल्या फेरीत घेतला गेला आणि तीन हंगाम मुख्य क्वार्टरबॅक आरन रॉजर्सच्या मागे बाकावर बसून शिकला. मग मुख्य जागेवर आला आणि २०२४ मध्ये २२ कोटी डॉलरचा करार मिळवून गावातच राहिला. पोराला शिकायला वेळ देणे, त्याला वाढताना पाहणे आणि तो आपलाच राहणार याची खात्री असणे या गोष्टी चाहत्याला नवख्याच्या बांधलेल्या करारानेच मिळतात. नवखा आपल्या किमतीतला मोठा वाटा सोडतो, त्या बदल्यात लहान गावाला मोठ्या शहरासमोर उभे राहता येते. सौदा कठोर आहे, पण त्याच्या दोन्ही बाजू डोळ्यांना दिसतात.

आता हाच सौदा महाराष्ट्रात कसा होतो ते पाहायचे. अमेरिकन फुटबॉल इथे रुजला नाही. एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाचा पहिला हंगाम २०१२ मध्ये झाला, पुणे मराठाज हा संघ विजेता ठरला आणि पुढे तो प्रयत्न विरून गेला. नवख्यांचे करार मात्र इथे क्रिकेट, कबड्डी आणि खो-खो या तिन्ही खेळांत आले आहेत.

आयपीएलने सुरुवातीच्या काही वर्षांत अमेरिकन वळणाचाच नियम ठेवला होता. देशाकडून न खेळलेल्या भारतीय खेळाडूला लिलावात उतरता येत नसे. प्रथम श्रेणी क्रिकेटमधल्या त्याच्या अनुभवानुसार १०, २० किंवा ३० लाख रुपये ठरलेले असत. रवींद्र जडेजाने पहिल्या कराराच्या अखेरीस दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केल्याच्या कारणावरून त्याला २०१० च्या पूर्ण हंगामाची बंदी भोगावी लागली. हा लगाम टिकला नाही. २०१४ पासून असे खेळाडूही लिलावात आले आणि पहिल्याच वर्षी लेगस्पिनर कर्ण शर्माला ३ कोटी ७५ लाख मिळाले. बंद दाराआड १० ते ३० लाखांत अडकलेल्या खेळाची बाजारातली किंमत एका दिवसात उघड झाली.

लिलावही नवख्याला पूर्ण न्याय देतो असे नाही, आणि मराठवाड्यातलेच उदाहरण ते सांगते. तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरने १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला आणि लगेच फेब्रुवारी २०२२ च्या लिलावात ३० लाखांच्या मूळ किमतीवरून त्याची बोली दीड कोटीपर्यंत गेली. चेन्नईकडून मोजकेच सामने मिळाले. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात लखनौने त्याला ३० लाखांत घेतले. उलट ऋतुराज गायकवाड डिसेंबर २०१८ मध्ये चेन्नईला २० लाखांत मिळाला होता. २०२१ मध्ये ६३५ धावा काढून तो स्पर्धेतला सर्वाधिक धावांचा मानकरी ठरला, २०२२ साठी ६ कोटींवर आणि २०२५ साठी १८ कोटींवर राखला गेला. एकाची किंमत खेळाआधी फुगली, दुसऱ्याची खेळानंतर वाढली. लिलाव एका दुपारच्या उत्साहावर चालतो, ड्राफ्ट क्रमांकावर. खेळाडूचे खरे मोल यांपैकी कशालाच आधी कळत नाही. म्हणून करारात रकमेइतकेच महत्त्व मुदतीला आणि हमीला असते.

कबड्डीत हे अधिक ठळक दिसते. प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ रोजी सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वांत महागडा राकेशकुमार १२ लाख ८० हजारांना गेला होता. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतने २ कोटी ६० लाखांचा टप्पा ओलांडला. त्या लिलावातल्या चार श्रेणींच्या मूळ किमती ३०, २०, १३ आणि ९ लाख होत्या आणि एका संघाची एकूण थैली ५ कोटींची. या लिलावाच्या बाहेर 'नवे युवा खेळाडू' म्हणून एक वर्ग आहे. देशभरच्या चाचण्यांतून किंवा अकादमीतून संघ या पोरांना ठरावीक मानधनावर घेतात, आणि पुढच्या हंगामांत त्यांना राखून ठेवण्यासाठी नियमांत वेगळे वर्ग आहेत. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार पुणेरी पलटणकडे असाच युवा खेळाडू म्हणून आला आणि १ मार्च २०२४ रोजी कर्णधार म्हणून त्याने पलटणला पहिले विजेतेपद मिळवून दिले. तरुण पोरांवर विश्वास टाकून त्यांना एकत्र वाढवणारा तो संघ ग्रीन बेच्या वाटेने गेला, असे म्हणता येईल.

कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईचा आलेख याउलट आहे. २०१८ मध्ये यू मुंबाने त्याला लिलावात ३६ लाख ४० हजारांना घेतले. त्या पहिल्याच हंगामात त्याने चढाईत दोनशेवर गुण मिळवले आणि २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. पुढे खांदा दुखावला आणि २०२२ मध्ये तो २० लाखांच्या मूळ किमतीवर उतरला, २०२३ मध्ये पुन्हा एक कोटीवर गेला. पहिल्या हंगामानंतर तो चार वर्षे ३६ लाखांवर बांधलेला असता, तर खांद्याच्या दुखापतीपूर्वीची मोठी कमाई झालीच नसती. त्याला मोकळे होता आले हे त्याचे नशीब. युवा वर्गातून येणाऱ्या प्रत्येकाला ते मिळत नाही.

परभणी जिल्ह्यातला कबड्डीपटू या साखळीच्या पहिल्या कडीवर उभा असतो. जिंतूर, सेलू, गंगाखेड, पूर्णा भागात जत्रा, गणपती किंवा जयंतीच्या निमित्ताने सामने भरतात. चौकात लागलेल्या फलकावर पहिले बक्षीस सरपंचांतर्फे, दुसरे एखाद्या कृषी केंद्रातर्फे, उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकडीला वेगळी रोख रक्कम, असे सगळे लिहिलेले असते. पाणी मारून, रोलर फिरवून मैदान बसवायचे, चुन्याच्या रेषा मारायच्या, दिवे टांगायचे आणि मध्यरात्रीपर्यंत माणसे हलत नाहीत. संघ मंडळाचे असतात. खेळाडूला घडवणारा माणूस शाळेतला क्रीडाशिक्षक असतो किंवा वय झालेला जुना खेळाडू, आणि त्याला कोणी पगार देत नाही. इथून जिल्हा निवड चाचणी, मग राज्य अजिंक्यपद. मातीवर तयार झालेल्या पायांना मॅट आणि बूट नवे असतात, त्यातच पहिला गुडघा मुरगळतो. २०२४ मध्ये जिल्हा संघांची युवा कबड्डी लीग भरली, तिच्यात परभणीचाही संघ होता. अशा ठिकाणी निवडकर्त्यांची नजर पडली, तर पुढचा टप्पा थेट व्यावसायिक करार.

आणि इथे अमेरिकेतल्या सौद्याची दुसरी बाजू गायब होते. नवखा परभणीचा पोरगाही कमी किमतीत बांधला जातो, पण त्याच्या त्यागाने परभणीला काही मिळत नाही. प्रो कबड्डीच्या १२ संघांत महाराष्ट्राचे दोन, मुंबई आणि पुणे. खो-खोत तर विरोधाभास आणखी तीव्र आहे. अल्टिमेट खो-खो २०२२ मध्ये पुण्यात ड्राफ्ट पद्धतीनेच सुरू झाली, खेळाडूंच्या श्रेणी आणि श्रेणीनुसार मानधन ठरवून. तिच्यात महाराष्ट्राचे खेळाडू भरपूर होते. जानेवारी २०२५ मध्ये पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या दोन्ही भारतीय संघांचे कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे महाराष्ट्राचे. तरी लीगच्या सहा संघांत महाराष्ट्राचे नाव लावणारा संघ मुंबईचा एकच. मराठवाडा खेळाडू पुरवतो आणि संघ दुसरीकडे उभे राहतात. त्यामुळे इथल्या चाहत्याची निष्ठा संघाला चिकटत नाही, ती आपल्या पोरामागे जाते. पोरगा पाटण्याला गेला की गाव पाटण्याचे, जयपूरला गेला की जयपूरचे. हे चाहतेपण खोटे नाही, उलट अमेरिकन चाहत्याच्या आकडेमोडीपेक्षा ते निर्मळ आहे. पण त्याला धरून ठेवणारे घर नाही, म्हणून पोरगा खेळातून बाहेर पडला की तेही संपते.

दुसरी उणीव संघटनेची. एनएफएलचा नवखा निदान एका सहीच्या संरक्षणात असतो. किमान पगार, दुखापतीचे नियम, निवृत्तिवेतन हे त्याच्यासाठी आधी कोणीतरी भांडून मिळवलेले असते. भारतात २०१९ मध्ये क्रिकेटपटूंची मान्यताप्राप्त संघटना झाली, ती निवृत्त खेळाडूंची. सध्या खेळणाऱ्यांच्या वतीने लीगच्या मालकांशी सामूहिक बोलणी करणारी संघटना क्रिकेटमध्ये नाही, कबड्डीतही नाही. म्हणजे मालकांनी एकत्र येऊन नवख्याचा दर ठरवणे हा भाग तेवढा इथे आला आणि त्याला न्याय्य ठरवणारी संमती मात्र आली नाही.

जगात याला दुसरा एक उपाय आहे. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या नियमानुसार करार चालू असताना खेळाडू एका क्लबकडून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, की त्या व्यवहाराच्या रकमेतले पाच टक्के त्याला वयाच्या १२ ते २३ या वर्षांत घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. लहान गावातल्या क्लबला त्यातून मैदान राखता येते. कबड्डी आणि खो-खोच्या लीगना असा नियम करणे अवघड नाही, कारण जिल्हा संघटनेकडे खेळाडूची नोंदणी आधीपासून असते. नव्या युवा खेळाडूच्या पहिल्या तीन करारांतला ठरावीक हिस्सा त्याच्या नोंदणीच्या मंडळाला आणि जिल्ह्याला द्यावा आणि तो संघमालकाच्या खिशातून यावा, खेळाडूच्या मानधनातून नव्हे. सेलूच्या एखाद्या मंडळाला त्यातून एक जुना मॅट घेता आला तरी मुरगळणारे गुडघे कमी होतील.

करारापुरते बोलायचे तर नवख्याला बांधून ठेवण्याची मुदत दोन हंगामांपेक्षा जास्त नसावी. कबड्डीत शरीराची झीज अमेरिकन फुटबॉलच्या जातीचीच आहे. हंगाम मध्येच सुटला तरी त्या हंगामाचे पूर्ण मानधन मिळावे आणि शस्त्रक्रियेचा खर्च करार संपल्यावरही संघाने करावा. राखून ठेवायचे असेल तर मागच्या हंगामातल्या कामगिरीनुसार रक्कम वाढावी. एनएफएलने ठरलेली कामगिरी करणाऱ्या नवख्यांसाठी चौथ्या वर्षी पगार वाढवण्याची तरतूद याच कारणाने केली आहे. आणि करार मराठीत हातात पडावा, सही करण्यापूर्वी काही दिवस घरी नेता यावा. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला मुंबईच्या हॉटेलात इंग्रजी कागदांची चळत पुढे ठेवून लगेच सही मागितली, तर त्यातले 'राखून ठेवण्याचा हक्क' हे कलम तो वाचत नाही, आणि त्याच्याबरोबर आलेला क्रीडाशिक्षकही वाचत नाही. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय आणि जिल्हा संघटना मिळून एखाद्या वकिलाकडून असे करार तपासून देण्याची सोय करू शकतात. परभणीतून दरवर्षी अशा करारापर्यंत पोहोचणारी मुले बोटांवर मोजण्याइतकीच असणार, म्हणून त्याला मोठा खर्चही लागणार नाही.